हप्ता आमचा, हुकूम त्यांचा

"एकट्यानं काहाले डोक्याले ताप करून घेतं भाऊ? गाड्या अटॅच करून टाक." नागपूरजवळ कोराडीच्या पट्ट्यात, महादुल्याच्या टी-पॉइंटपासून खापरखेड्यापर्यंत ज्याच्या नावावर दोन-चार टिपर आहेत, त्याला हा सल्ला गॅरेजवाला देतो, टायरवाला देतो, फायनान्सचा वसुलीवाला देतो आणि सोयरेही देतात. गाडी मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीला लावून द्यायची, काम तिने शोधायचे, बिल्टी (मालपावती) तिने फाडायची, महिन्याला हिशेब होऊन पैसे खात्यात. सल्ला देणाऱ्यांची बाजूही ठरलेली असते: काम पक्के, पैसे वेळेवर, कागदपत्रांची कटकट नाही, मोठ्या नावाची सावली, आणि एकटा माणूस या धंद्यात टिकत नाही.

या पाचही मुद्द्यांशी माझे भांडण आहे, पण अटॅच होण्याशी नाही. कोराडीत आज ज्या अटींवर गाड्या अटॅच होतात, त्यांत गाडीवरचा हुकूम कंपनीकडे जातो आणि जोखीम मालकाकडेच राहते. हा सौदा सुरक्षिततेच्या नावाखाली विकला जातो, म्हणून त्याचा प्रतिवाद करायला हवा.

आधी कामाचे स्वरूप पाहू. कोराडी वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आणि २१० मेगावॅटचा एक जुना संच; शेजारी खापरखेड्यात १,३४० मेगावॅट. एवढ्या विजेला लागणारा कोळसा येतो आणि त्याची राख बाहेर पडते. कोळशाचा मोठा भाग रेल्वेने येत असला, तरी वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलिच्या खाणींपासून सायडिंगपर्यंत, वॉशरीपर्यंत टिपर लागतातच. राखेचे काम तर गेल्या काही वर्षांत वाढलेच आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला, न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपयांची भरपाई लावली आणि तलावांत साठलेल्या जुन्या राखेचीही मुदत बांधून दिली. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत, नदीत गेली. तेव्हापासून तलाव रिकामे करण्याची निकड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हे काम छोट्या मालकाला थेट मिळत नाही. निविदेत उलाढालीची अट असते, अनुभवाची अट असते, अनामत रक्कम असते, ताफ्याचा आकडा असतो. म्हणून वर्कऑर्डर मोठ्याच्या नावावर निघते. तो कधी स्वतःच्या गाड्या लावतो, कधी दुसऱ्याला पोटठेका देतो, आणि तो दुसरा एमएच-४० च्या, म्हणजे नागपूर ग्रामीणच्या, गाड्या अटॅच करतो. आरसी मालकाची, कर्ज मालकाचे, विमा मालकाचा, ड्रायव्हर मालकाचा. बिल्टी मात्र कंपनीची, गेटपास कंपनीचा, आणि आज गाडी कुठल्या रांगेत लागेल हे ठरवणारा मुंशीही कंपनीचा.

आपल्याकडे वावर मक्त्याने देण्याची रीत आहे. मक्तेदार वावर घेतो, काय पेरायचे ते तोच ठरवतो, आणि पाऊस येवो न येवो, ठरलेला मक्ता मालकाच्या हातावर ठेवतो. अधिकार त्याच्याकडे गेला, त्याबरोबर जोखीमही गेली. अटॅच गाडीच्या सौद्यात कंपनी मक्तेदारासारखा हुकूम चालवते आणि मक्ता मात्र देत नाही. फेरी झाली तर टनामागे पैसे; झाली नाही तर "आज लोडिंग नव्हतं" एवढेच उत्तर. हे खटकत असेल, तर पाचही मुद्दे आता एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा: काम पक्के. दर ठरवताना छोटा मालक टनामागे पाच-दहा रुपयांसाठी तास-तास घासाघीस करतो आणि फेऱ्यांचा आकडा विचारायचेच विसरतो. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, दहा चाकी टिपरचा महिन्याचा हप्ता ६५,००० रुपये, ड्रायव्हर-क्लीनरचे ३०,०००, विमा, कर, पासिंग, दुरुस्ती यांसाठी बाजूला काढायचे ३५,०००. गाडी हलो न हलो, महिन्याला १,३०,००० रुपये लागणार. आता डिझेल, टायरझीज आणि वाटेतला खर्च वजा जाऊन एका फेरीत २,००० रुपये उरतात असे धरा. दिवसाला तीन फेऱ्या, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७८ फेऱ्या: हाती २६,००० रुपये. त्याच गाडीला, त्याच दराने, दिवसाला दोनच फेऱ्या मिळाल्या तर ५२ फेऱ्या: खिशातून २६,००० रुपये. दर एका पैशाने बदललेला नाही. बदलली ती फक्त रांग, आणि रांग मुंशीच्या हातात आहे.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर तिच्या फायद्याचे काय? शंभर गाड्यांच्या कामावर सव्वाशे गाड्या अटॅच करून ठेवणे. उचल कधी वाढली तर गाड्या तयार, कधी घटली तर उभ्या गाडीचा खर्च तिला नाही. उभ्या गाडीचा खर्च ज्याला नसतो, तो गाड्या जास्तच गोळा करणार. म्हणजे "काम पक्के" हे वाक्य कंपनीला लागू पडते. तिचे काम पक्के असते, कारण तुमची गाडी मोकळी उभी असते.

त्यात वर्षाचा हिशेब आणखी वेगळा. पावसाळ्यात खुल्या खाणींचे उत्पादन घटते, वीटभट्ट्या थंडावतात, रस्त्यांच्या भरावाची कामे थांबतात. हप्ता मात्र बारा महिन्यांचा असतो. शिवाय कर्ज चार-पाच वर्षांचे आणि वर्कऑर्डर बहुधा त्याहून लहान मुदतीची. ठेकेदार बदलला, पुढच्या निविदेत कुणी कमी दर भरला, की तुमची गाडी नव्या माणसाच्या दारात नव्या दराने उभी. "राख काही संपत नाही," असे यावर उत्तर येते. राख संपणार नाही हे खरे. नव्या दोन ६६० मेगावॅट संचांची जनसुनावणीही २०२३ मध्ये झालेली आहे. पण राख उरली म्हणून तुमचे काम उरेल असे नाही. कोळशाकडे पाहा. रस्त्यावरची धूळ आणि खर्च कमी करायला कोल इंडिया खाणीच्या तोंडापासूनच यांत्रिक वाहतूक आणते आहे, आणि महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीने आपल्या केंद्रांसाठी वेकोलिच्या खाणींपासून पाइप कन्व्हेयर हाती घेतला. गावाच्या फुप्फुसांसाठी हे चांगलेच आहे. पण पट्टा सुरू झाला की जेवढा कोळसा त्यावर चढतो तेवढा टिपरमधून उतरतो, आणि ठेकेदाराच्या जमाखर्चात ती एक बंद झालेली वर्कऑर्डर असते. मालकाच्या घरात तीन वर्षांचे उरलेले हप्ते असतात.

दुसरा मुद्दा: पैसे वेळेवर. याला अर्धा मान देतो. सरकारी कंपनीकडून बिल निघायला वेळ लागतो, तोवर डिझेल कुठून आणायचे, हा छोट्या मालकाचा खराखुरा प्रश्न आहे आणि मोठी कंपनी डिझेलची स्लिप देऊन तो सोडवते. पण ती उसनवारी आहे, उपकार नाही. स्लिपचे पैसे बिलातून कापले जातात; पंप तिचा, भाव तिचा, आणि उरलेला बॅलन्स तिला वरून पैसे मिळाले की मिळतो. सगळा उशीर खाली ढकलायचा आणि वर आगाऊ दिल्याचे श्रेयही घ्यायचे, असा हा हिशेब आहे.

कायद्यात यावर उपाय आहे आणि तो आपल्याकडे कमालीचा दुर्लक्षित आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ट्रकची सेवा देणारा मालकही उद्यम नोंदणी करून या छत्राखाली येऊ शकतो. २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून तर आयकरातही तरतूद आली: अशा उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. हे हत्यार मोठ्या कंपनीच्या हिशेबनिसाला नेमके कळते. किती मालकांनी उद्यमचा नंबर बिलावर छापला आहे? तो न छापता "पैसे वेळेवर मिळतात" म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीला हक्क समजणे.

तिसरा मुद्दा: कागदपत्रांची कटकट नाही. हा सर्वांत जास्त पटणारा आणि सर्वांत कमी तपासलेला मुद्दा. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, जिला सगळे ४४एई म्हणूनच ओळखतात. जड वाहनाला एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायचे, २८.५ टनांच्या दहा चाकी गाडीचे महिन्याला २८,५०० म्हणजे वर्षाला ३,४२,००० रुपये. सविस्तर हिशेबवह्यांची सक्ती नाही. दहापर्यंत गाड्यांच्या मालकाने पॅन आणि घोषणापत्र दिले, तर त्याच्या भाड्यातून टीडीएसही कापायचा नसतो. जीएसटीत तर गाडी मालवाहतूक एजन्सीला भाड्याने देणे करमुक्त आहे, आणि स्वतः बिल्टी फाडून काम केले तरी रिव्हर्स चार्जमध्ये कर भरण्याची जबाबदारी कंपनी-कारखान्यासारख्या घेणाऱ्यावर पडते. फक्त असेच काम करणाऱ्याला जीएसटी नोंदणीचीही गरज नसते. सामान्य वाहक म्हणून नोंदणी करायची ती २००७ च्या मार्गवाहन (कॅरेज बाय रोड) कायद्याखाली. तीही कागद भरणाऱ्याला जमते. म्हणजे ज्या कटकटीच्या भीतीने माणूस अटॅच होतो, तिच्यातली बरीच कायद्यानेच कमी करून ठेवली आहे. उरलेली एखादा करसल्लागार वर्षभरात जेवढ्यात निस्तरेल, तेवढे कमिशन काही आठवड्यांत कापले जाते.

चौथा मुद्दा: मोठ्या नावाची सावली. माझ्या मते सगळ्यात घातक तो हाच. अपघात झाला, गाडी अडली, माल कमी भरला, तर मोठी कंपनी सांभाळून घेईल, असा विश्वास यामागे असतो. ओव्हरलोडचे पाहा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि जादा टनामागे आणखी २,०००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. दर टनावर ठरलेला असतो, म्हणून गाडी जास्त भरण्याचा मोह कराराच्या रचनेतच आहे. चालान मात्र ज्याच्या नावावर आरसी, त्याच्या नावावर निघते. राख उडू नये म्हणून ताडपत्री बांधायची, ती फाटली तर बोलणी खायची, तीही मालकानेच.

माल कमी भरल्याचे पाहा. मार्गवाहन कायद्याप्रमाणे मालाच्या नुकसानीची जबाबदारी मालपावती देणाऱ्या वाहकाची. जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर तिचीही मर्यादा भाड्याच्या दहापट. म्हणजे कायद्याने ही जबाबदारी बिल्टी फाडणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. प्रत्यक्षात मात्र तिचा भार "शॉर्टेज" या एका शब्दाखाली अटॅच मालकाच्या बिलातून वळता होतो. दोन काट्यांच्या वजनातला फरक, ओल उडून गेलेले वजन, वाटेत सांडलेला माल, सगळ्याचे पैसे त्याच्याकडून. कोणत्या दराने? करारात लिहिलेले नसते, म्हणून कंपनी म्हणेल त्या.

आणि अपघात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की विमा नसलेली गाडी विकूनही नोंदणी बदलली नसेल, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच. अटॅच करणाऱ्याने हे वाक्य घरात लावून ठेवावे. पण मोटार वाहन कायद्यातली 'मालक' या शब्दाची व्याख्या दुसरी बाजूही सांगते: गाडी रीतसर भाडेकरारावर दिली असेल, तर त्या कराराने जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक ठरते. १९९७ साली राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात न्यायालयाने भाड्याच्या बसच्या अपघाताची जबाबदारी महामंडळावर टाकली, कारण बस चालत होती ती महामंडळाच्या नियंत्रणाखाली. म्हणजे कायद्याची दिशा स्वच्छ आहे: ज्याच्या हातात नियंत्रण, त्याच्या डोक्यावर जबाबदारी. आपल्याकडच्या अटॅच व्यवस्थेचे कसब असे, की नियंत्रण घेताना एक ओळही लिहायची नाही आणि लिहिलेच तर "गाडीचा ताबा मालकाकडेच राहील" एवढे लिहायचे. तोंडी अटॅच होणारा माणूस कायद्याने दिलेली ढाल स्वतःच खाली ठेवतो.

यावर कुणी म्हणेल, धंदा असाच चालतो, जगभर. अमेरिकेत ट्रकमालकांनी मोठ्या कंपनीकडे गाडी लावण्याची प्रथा आपल्यापेक्षा जुनी आणि मोठी आहे, म्हणून तिथल्या नियमांकडे पाहू. तिथे १९७९ पासून संघीय भाडेकरार नियम आहेत. करार लेखी हवा. करार चालू असेपर्यंत गाडीचा अनन्य ताबा आणि चालवण्याची पूर्ण जबाबदारी कंपनीची. फेरीची कागदपत्रे दिल्यापासून १५ दिवसांत पैसे. मोबदला भाड्याच्या टक्क्यावर असेल, तर गिऱ्हाइकाला दिलेल्या बिलाची प्रत मालकाला दाखवणे सक्तीचे. कोणती कपात होईल ते करारातच लिहिलेले. अनामत ठेवली तर तिच्यावर व्याज, आणि करार संपल्यावर ४५ दिवसांत परत. त्या देशातही मालक-चालकांची पिळवणूक संपलेली नाही. पण "गिऱ्हाइकाकडून तुम्ही किती घेता?" हा प्रश्न तिथे उद्धटपणा नाही, हक्क आहे. कोराडीत हाच प्रश्न विचारणाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी रांगेच्या शेवटी जाते.

अमेरिका लांब आहे म्हणता? कोळशाच्याच धंद्यातले देशी उदाहरण घ्या. कोल इंडियाच्या खाणींत माजी सैनिकांच्या वाहतूक कंपन्या काम करतात, आणि पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेत शहिदांच्या पत्नींना आणि अपंग सैनिकांना त्या कंपन्यांशी टिपर अटॅचमेंट करता येते. ठेव ठेवायची, पाच वर्षे दरमहा ठरावीक रक्कम घ्यायची, शेवटी ठेव परत. फेऱ्या किती झाल्या, पाऊस किती पडला, याच्याशी ठेव ठेवणाऱ्याचा संबंध नाही. हा खरा मक्ता. म्हणजे जोखीम कंपनीने उचललेली अटॅचमेंट याच देशात, याच कोळशात लिहून ठेवलेली आहे. तसेच मोठे भांडवलदार महामंडळांना बस भाड्याने देतात तेव्हा किमान किलोमीटरची हमी घेतल्याशिवाय सही करत नाहीत. बस चालली नाही तरी तेवढे पैसे मिळतात. जी हमी कोट्यधीश मागतो, ती दोन टिपरवाल्याने मागितली की त्याला "धंदा कळत नाही" म्हणायचे, हा कुठला न्याय?

आता पाचवा मुद्दा: एकटा टिकत नाही. हे मला मान्य आहे, म्हणूनच त्यातून निघणारा निष्कर्ष अमान्य आहे. एकटा टिकत नाही, म्हणून एकट्यानेच जाऊन शंभर गाड्यांच्या मालकाशी करार करायचा? कमजोर माणसाने सर्वांत कमजोर स्थितीत सौदा करायचा, असा याचा अर्थ होतो. एकटा टिकत नसेल तर दुसऱ्या एकट्याकडे जायला हवे.

हिमाचलात ते घडले आहे. बरमाणा आणि दाडलाघाटच्या सिमेंट कारखान्यांसाठी ट्रकमालकांच्या सहकारी संस्था वर्षानुवर्षे माल उचलतात. गाड्या पाळीने लागतात आणि दराची बोलणी संस्था करते. डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने वाहतूक दर जास्त असल्याचे सांगून दोन्ही कारखाने बंद केले. दोन महिन्यांहून अधिक काळ कारखाने आणि गाड्या दोन्ही उभे राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य सरकारच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: टन-किलोमीटरला लहान गाडीसाठी १०.३० आणि मल्टिअ‍ॅक्सलसाठी ९.३० रुपये. दर आधीपेक्षा उतरले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांपैकी एकाला दोन-दोन गाड्यांच्या मालकांशी टेबलावर बसावे लागले, मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावे लागले आणि दर दोन दशांशांपर्यंत जाहीर झाला. आपल्याकडच्या अटॅच मालकाचा दर मोबाइलवरच्या एका फोनने उतरतो आणि त्याची बातमीही होत नाही.

संस्था म्हटले की आपल्याकडे लगेच नाके मुरडली जातात, आणि त्यालाही कारणे आहेत. ट्रक युनियनांनी बाहेरच्या गाड्या अडवणे, दर मनमानी ठेवणे, पुढाऱ्याच्या भाच्याची गाडी रांगेत पुढे काढणे, हे सगळे देशभर झाले आहे. सहकारात काय काय बुडाले, हे विदर्भाला शिकवायला नको. म्हणून मी युनियन सुचवत नाही. माझे म्हणणे दहा-बारा मालकांच्या छोट्या संस्थेबद्दल आहे: सहकारी संस्था किंवा एलएलपी. गाड्या सभासदांच्याच नावावर राहाव्यात, म्हणजे ४४एईची सोय जात नाही. काम, बिल्टी, गेटपास संस्थेच्या नावावर यावेत. सभासदाने संस्थेला गाडी भाड्याने द्यावी, जी सेवा करमुक्त आहे. रांगेचा क्रम सगळ्यांच्या मोबाइलवर दिसावा. बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी एक दमदार अर्ज जावा, दहा लुळे नव्हेत. म्हणजे व्हायचेच असेल अटॅच, तर स्वतःच्या संस्थेला व्हा.

"तुम्हाला निविदा कोण देणार?" हा यापुढचा टोमणा. पहिल्या वर्षी महानिर्मितीची निविदा मिळणार नाही, हे कबूल. पण राखेच्या विटा करणारे, रस्त्याचे पोटठेकेदार, खाजगी भरावाची कामे यांना वीस गाड्यांची गरज नसते. वेळेवर येणाऱ्या पाच गाड्यांची असते. तिथून अनुभवाचे दाखले जमतात. शिवाय केंद्रीय उपक्रमांनी वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण आहे (२०१२ मध्ये ते २० टक्क्यांपासून सुरू झाले), आणि वेकोलि हा केंद्रीय उपक्रम नागपुरात बसलेला आहे. वाहतुकीच्या निविदांत या धोरणाचा लाभ कुठे देता, हा प्रश्न एकट्या मालकाने विचारला तर कुणी ऐकणार नाही. नोंदणीकृत संस्थेने लेखी विचारला तर उत्तर द्यावे लागते.

मग आज कुणीच अटॅच होऊ नये का? व्हावे, पण तीन प्रकारच्या माणसांनी. ज्याची पहिलीच गाडी आहे आणि धंद्याची वाट अजून कळायची आहे, त्याने एक वर्ष व्हावे. ज्याचे हप्ते तुंबले आहेत आणि उद्या फायनान्सवाला गाडी ओढून नेणार आहे, त्याने श्वास घेण्यापुरते व्हावे. आणि चार गाड्या असणाऱ्याने फार तर दोन कराव्यात, म्हणजे उरलेल्या दोन गाड्यांच्या बाजारातल्या कमाईवरून आपल्याला अटॅचमध्ये किती सोडावे लागते ते दर महिन्याला कळत राहील. हे मोजमापच हातात नसेल, तर कंपनी देते ते भाडे रास्त की अन्यायाचे, हे ठरवणार कशाच्या आधारावर?

या तिघांनीही कोऱ्या लेटरहेडवर सही करू नये. करारात महिन्याच्या किमान फेऱ्या किंवा किमान रक्कम हवी. डिझेल ठरावीक रुपयांपलीकडे गेले की दर आपोआप वाढेल, असे कलम हवे. लोडिंगच्या रांगेत ठरावीक तासांनंतर गाडी खोटी झाली तर तिचे पैसे हवेत. शॉर्टेजची सूट किती टक्के आणि दर कोणता, हे आकड्यात हवे. पैसे ४५ दिवसांत, उद्यम क्रमांकासह. बाहेर पडायची नोटीस महिन्याची, आणि अडकवून ठेवलेला बॅलन्स परत करण्याची तारीख. ओव्हरलोड भरून दिल्यास दंडाची जबाबदारी माल भरून देणाऱ्याची, म्हणजे कंपनीची. कंपनी या सगळ्याला हो म्हणणार नाही. निम्म्याला म्हणाली तरी ती सल्ला देणाऱ्यांपेक्षा प्रामाणिक निघाली असे समजा.

पण एका कलमावर माघार घेऊ नका: किमान फेऱ्यांच्या. दर थोडा कमी चालेल, पैसे आठवडाभर उशिरा चालतील, कारण त्यांचा हिशेब करता येतो. फेऱ्यांची हमी नसेल तर हिशेबच मांडता येत नाही, आणि हिशेब न मांडता पाच वर्षांचे कर्ज दुसऱ्याच्या मुंशीच्या हवाली करणे याला धंदा म्हणत नाहीत. "एवढी अट घातली तर गाडी लागत नाही," असे सांगणारा भेटला, तर त्याचे आभार माना. त्याच्याकडे तुमच्या गाडीपुरते काम नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले आहे. तिथून निघा आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या दोन टिपरवाल्याचे घर गाठा.